फायबरला फुंकर मारू नका

आमच्या महाडात कुणालाही काहीही बिघडलेलं दाखवा, तो आधी त्यावर फुंकर मारतो. रिमोट चालेना, सेल काढून फुंकर. पोराचा गुडघा फुटला, फुंकर. चहा गरम आहे, फुंकर. चूल विझली, तीच फुंकर. गार करायलाही तीच आणि पेटवायलाही तीच. असं हे औषध जन्मापासून तोंडात असतं आणि फुकट असतं, म्हणून त्याच्यावर आमची फार श्रद्धा. नोकरीतली शेवटची बरीच वर्षं मी या एका श्रद्धेशी भांडण्यात घालवली. हरलो असं म्हणणार नाही, पण जिंकलो असं म्हणायची माझी छाती नाही.

मी फायबरवाला. म्हणजे रस्त्याकडेला चर खणून काळी केबल पुरतात ना, तिच्या टोकाशी बसणारा माणूस. त्या केबलीत केसाएवढी काच असते आणि काचेतून उजेड पळतो. तुमचं नेट म्हणजे तो उजेड. जिथे केबलीचं टोक यंत्राला जोडायचं तिथे हिरव्या नाहीतर निळ्या डोक्याचा एक छोटा कनेक्टर असतो आणि त्याच्या नाकावर, अगदी मधोमध, काचेचा एक ठिपका. इतका बारीक की नुसत्या डोळ्यांना दिसतच नाही. उजेड तिथून बाहेर पडतो आणि समोरच्या तशाच ठिपक्यात शिरतो. या दोन ठिपक्यांच्या मध्ये धुळीचा एक कण बसला की झालं. कशेडी घाटात दरड कोसळल्यावर ट्रकांचं जे होतं, तेच आत उजेडाचं होतं.

म्हणून तो ठिपका पुसायचा. सदऱ्याच्या टोकाने नाही, रुमालाने नाही, बोटाने तर मुळीच नाही. त्याचं खास कापड मिळतं, सूत न सुटणारं. त्यावर स्पिरिटचा थेंब घ्यायचा, एकाच दिशेने पुसायचं, मग कोरड्या भागावर पुसायचं आणि पुसलेल्या जागेवर पुन्हा टेकवायचं नाही. आधी दुर्बिणीखाली, म्हणजे छोटा पडदा असलेल्या सूक्ष्मदर्शकाखाली, बघायचं, पुसायचं, परत बघायचं. आणि फुंकर मारायची नाही! फुंकरीत थुंकी असते हो. धूळ उडते ती उडते, वर थुंकीचा लेप बसतो आणि मग तो निघता निघत नाही.

हे सगळं मी इतक्यांदा आणि इतक्या तावातावाने सांगितलं की टेलिफोन खात्यात माझं नाव 'सोवळे काका' पडलं. हात लावू नका, विटाळ होईल, असंच मी दिवसभर ओरडत असायचो. आमची सुलभा, म्हणजे बायको, आल्यागेल्याला सांगायची, "जगाची टोकं पुसत फिरतात. घरात आजवर एक ताट पुसून ठेवलं असेल तर शपथ."

आणखी एक नियम होता, तो मात्र थट्टेवारी नेण्यासारखा नव्हता. चालू लाईनच्या टोकात डोळा घालून बघायचं नाही. आतला उजेड डोळ्यांना दिसत नाही, पण डोळ्याचं वाटोळं करू शकतो. म्हणून आधी यंत्राकडून उजेड बंद करायचा, मीटर लावून खात्री करायची आणि मगच टोकाच्या वाटेला जायचं.

बाजारपेठेतले एक कापडदुकानदार होते. नाव नको, कारण ते अजून मला रस्त्यात ओळख दाखवत नाहीत. नेट बंद म्हणून त्यांचा फोन आला. मी दुकानात शिरतो तर काय, शेटजींनी कनेक्टर उपसून हातात घेतलेला, एक डोळा मिटलेला आणि दुसऱ्या डोळ्याजवळ ते टोक नेतायत. मला बघून म्हणाले, "यात उजेडच दिसत नाही हो, म्हणून नेट नाही." मी काय केलं ते मला नीट आठवत नाही. बूट न काढता त्यांच्या पांढऱ्याशुभ्र गादीवरून धावत गेलो आणि त्यांच्या हातावर फटका मारला, इतकं खरं. डोळा वाचला. पण शेटजींच्या डोक्यात राहिले ते गादीवरचे बूट. "पावसाळ्याचे दिवस, चिखलाचे बूट, आणि गिऱ्हाइकांसमोर मला मारलं," असं ते वर्षानुवर्षं सांगत होते. डोळ्याचा उल्लेख नाही.

पूर ओसरला की आमच्याकडे वेगळाच हंगाम. सावित्रीचा गाळ घराघरांतून निघायचा आणि लोक भांड्यांबरोबर नेटचं सामानही नळाखाली धुवायचे. दासगावला एका घरी मी गेलो तेव्हा राऊटर, त्याची वायर आणि कनेक्टर अंगणात कुरडयांच्या शेजारी वाळत घातलेले होते. त्या माउलीने मला वर विचारलं, "दोन्ही बाजूंनी ऊन दिलंय, आता चालेल ना?" कुरडया उत्तम झाल्या होत्या.

आमच्या धंद्यात एक मोठी गैरसोय आहे. टोक पुसलं, मीटरवर आकडा आला, पेटी बंद केली, निघालो. त्या उजेडातून पुढे काय गेलं ते आम्हाला कधी कळत नाही. कुणाची परीक्षा झाली, कुणाचं भांडण मिटलं, काही नाही. आमचं कौतुक म्हणजे पुन्हा फोन न येणं. ही खंत मला नेहमी वाटायची, अजून वाटते. फक्त एकदा मी थांबलो आणि त्या उजेडातून काय आलं ते डोळ्यांनी पाहिलं. ते सांगायलाच हा लेख लिहायला घेतलाय, बाकी सगळी प्रस्तावना.

दसरा होता. सुलभाने श्रीखंड-पुरी केली होती आणि मी पहिली पुरी मोडत होतो, तेवढ्यात फोन वाजला. उंबरमाळच्या ग्रामपंचायतीचा शिपाई बाळाराम. उंबरमाळ म्हणजे पोलादपूरच्या वर डोंगरमाथ्यावरची वाडी. गुरं-शेळ्या पाळणारी माणसं, नाचणी-वरीची शेती. मोबाइलला रेंज नाही. रेंज हवी तर खालच्या वळणापर्यंत उतरून यायचं. गावात नेट एकाच ठिकाणी, ग्रामपंचायतीत, आणि ते आमच्या फायबरचं.

"सायब, लगीन मोडतंय," बाळाराम धापा टाकत म्हणाला.

"कुणाचं?"

"कोंडीबाच्या सगुणाचं."

"मग मला काय सांगतोस? भटजीला फोन कर."

"नेटमुळं मोडतंय, सायब. तुमीच या."

मी सुलभाकडे पाहिलं. ती म्हणाली, "जा. लग्न मोडतंय म्हणतोय ना? आपलं काय, ते आता मोडत नाही." आणि माझ्या ताटावर तिने झाकण ठेवलं.

पोलादपूरपर्यंत हायवेवर सगळे ट्रक झेंडूच्या माळा घालून नवरदेवासारखे निघाले होते. पुढे डोंगराचा रस्ता. स्कूटरवर माझी पाठ बोलत होती आणि मनात मी बाळारामला बोलत होतो.

ग्रामपंचायतीसमोर अर्धी वाडी जमली होती. दाराला तोरण, आत टेबलावर कॉम्प्युटर, त्याला हार, समोर फोडलेला नारळ. कोपऱ्यात भिंतीला आमची फायबरची पेटी. तिलाही हार. पेटीवर खोचलेल्या उदबत्तीची राख पेटीच्याच डोक्यावर पडलेली.

बाळारामने जे सांगितलं ते असं. सगुणाचं मन ज्याच्यावर होतं तो महेश, कशेडीच्या खालच्या अंगाच्या गावचा, पण त्याचं आजोळ उंबरमाळच्या पलीकडच्या वाडीत. दर शिमग्याला यायचा, तिथेच पालखीत सगुणाशी ओळख झाली; कोंडीबाने त्याला कधी पाहिलेलं नव्हतं. आता जहाजावर नोकरीला लागला होता. इकडे कोंडीबाकडे दुसरं स्थळ आलेलं, नालासोपाऱ्याचं, आणि त्यांना उद्या शब्द द्यायचा होता. सगुणाने बापाला सांगितलं की मला महेश पसंत आहे. कोंडीबा म्हणाला, ठीक आहे, पण मी बघितल्याशिवाय पोर देणार नाय. आता जहाजावरचा माणूस डोंगरावर कसा बघायचा? म्हणून दसऱ्याच्या मुहूर्तावर ग्रामपंचायतीत व्हिडिओ कॉल ठरला. जहाज त्या दिवशी कुठल्याशा बंदराला लागलेलं होतं. संध्याकाळी सुटलं की पुढे कितीतरी दिवस संपर्क नाही.

सकाळी कॉल लागला. कोंडीबाने पहिली आज्ञा केली, "चालून दाखव." म्हैस घेताना चालवून बघतात, तशी त्याची रीत. महेश बिचारा डेकवर चालायला लागला आणि त्याचा एक पाय वर उचललेला असतानाच चित्र गोठलं. पाय वरचा वरच. मग एकदम तो तीन पावलं पुढे. मग परत पाय वर.

"लंगडा हाय," कोंडीबा म्हणाला.

मग त्याने नाव विचारलं. तिकडून आलं, "म... म... म..." आणि मग काहीच नाही, मग एकदम "...हेश".

"आणि तोतरा बी हाय," कोंडीबा म्हणाला, उठला, आणि घोंगडी झटकून बाहेर जाऊन बसला. सगुणा रडवेली होऊन सांगत होती, "बाबा, तो लंगडा नाय, नेट लंगडं हाय!" पण कोंडीबाचं म्हणणं होतं, डोळ्यांनी बघितलं ते खरं. शेवटी सगुणाने एवढंच मान्य करून घेतलं की लाईनवाला येऊन लाईन दुरुस्त करील, मग जहाज सुटायच्या आत एकदा, फक्त एकदा, परत बघायचं. नाहीतर नालासोपारा.

मी पेटी उघडली. यंत्राकडचा उजेड बंद केला, मीटर लावून खात्री केली, एक कनेक्टर काढला आणि दुर्बिणीखाली धरला. पडद्यावर काच दिसायला हवी होती, स्वच्छ गोल चंद्रासारखी. तिथे नुसता दगडधोंड्यांचा ढीग. धूळ अशी नसते. राखही अशी नसते. मी टोक कापडावर टेकवलं. कापड लाल झालं. कडेने पिवळं.

"बाळाराम," मी शक्य तितक्या शांतपणे विचारलं, "हे काय आहे?"

"हळद-कुंकू, सायब," बाळाराम अभिमानाने म्हणाला. "काल खंडेनवमीची पूजा नाय का केली! एकूण एक टोकाला लावलंय. कुणाला उपाशी ठेवलेलं नाय."

"अरे पण पेटीला बाहेरून लावायचं! कनेक्टर उपसून आत कशाला?"

बाळारामने माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "सायब, कोयत्याची पूजा करताना कुंकू पात्याला लावतात का मुठीला?"

मी कापडाची घडी बदलली.

"आणि तुमीच बोलला होतात, सगळा जीव या टोकात हाय म्हणून. मग देव टोकातच ना? तेल लावून बोटानं लावलंय, पडू नये म्हणून."

तेल लावून! पण खरं सांगतो, त्याच्या म्हणण्यात खोट काढता येईना. पन्नाशीचा माणूस, आयुष्यभर विळा-कोयता-नांगर पुजत आलेला, त्याने फायबरला तोच मान दिला. आमच्या खात्यात कुणी दिला नव्हता.

मी कामाला लागलो. कनेक्टरच नव्हे, ज्या भोकांत ते बसतात त्यांच्यातही कुंकू गेलेलं. तेलातलं कुंकू काही एका पुसण्याने निघत नाही. स्पिरिट, कापड, कोरडं कापड, दुर्बीण. परत स्पिरिट. भोकांसाठी बारीक काड्या. आणि ही सगळी सोवळ्यातली पूजा वीस-पंचवीस माणसांच्या गर्दीत, ज्यातला प्रत्येक जण मदतीला उत्सुक. एक म्हातारे गृहस्थ वाकून गाल फुगवतच होते, मी ओरडलो, "फुंकर मारू नका!" तशी त्यांनी ती फुंकर गिळली आणि त्यांना ठसका लागला. सगळ्यांना मागे सारलं. स्पिरिटचा वास सुटला तशी बाळाराम जवळ येऊन हळूच म्हणाला, "सायब, सणाचं हाय का?" मी म्हटलं, "हे प्यायलास तर पुढच्या दसऱ्याला तुझ्या फोटोला हार घालावा लागेल." तो दोन पावलं मागे गेला, पण वास घेत राहिला.

मग कोंडीबा दारात आला. उंच, वाळलेला, खांद्यावर घोंगडी. लोकरीचा एक एक तंतू म्हणजे माझ्या टोकांचा वैरी.

"मामा, घोंगडी जरा बाहेर ठेवता का?"

"का?"

"तिचे केस उडतात."

कोंडीबाने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "सायब, मी कलेक्टरसमोर घोंगडी उतरलेली नाय. वायरीसमोर उतरू?" आणि तो उंबऱ्यावरच उभा राहिला. ना आत, ना बाहेर. तह म्हणायचा तो.

अर्ध्याहून अधिक टोकं झाली तेव्हा सगुणा चहा घेऊन आली. दिसायला बापासारखीच, उंच, काटक. पेला ठेवला पण गेली नाही. बाजूला वाकून, कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "काका, एक सांगू? अगदी लख्ख नका करू."

माझ्या हातातली काडी थांबली. उभ्या जन्मात मला असं कुणी सांगितलेलं नव्हतं.

"म्हणजे?"

"चित्र साफ करा. तो लंगडा नाय, चांगला चालतो, ते दिसू दे बाबांना. पण आवाजाचं... जरा राहू द्या."

"अगं पण का?"

तिने उंबऱ्याकडे बघितलं. "तो बोलताना अडकतो, काका. लहानपणापासनं. घाबरला की जास्तच. बाबांना म्हाईत नाय. नेट अडकतंय असं वाटलं तर निभावून जाईल." तिचे डोळे भरले. "लग्न झालं की मी सांगीन ना त्यांना. मग काय करणार हायत?"

आता बोला! मी तिला म्हटलं, "बाई गं, चित्र आणि आवाज एकाच उजेडातून येतात. अर्धा उजेड पुसता येत नाही." हे म्हणायला सोपं होतं. पण तिने ज्या नजरेने पाहिलं त्यापुढे मला माझं सगळं सोवळं फार हलकं वाटायला लागलं. शेवटच्या टोकावरचं कुंकू मी मुद्दाम राहू दिलं असतं, तर कुणाला कळणार होतं? दुर्बीण माझी, डोळा माझा. हात दोनदा थांबला, हे कबूल करतो. पण कुंकू राहिलं तर चित्रही गोठणार आणि पोरगा परत लंगडा ठरणार. म्हणजे दोन्हीकडून मरण. मी शेवटचं टोक पुसलं, दुर्बिणीखाली पाहिलं. काच इतकी स्वच्छ कधी दिसली नव्हती आणि ती बघून मला इतकं वाईटही कधी वाटलं नव्हतं.

कॉल लागला. एरवी मी पेटी बंद करून निघायचो. या वेळी माझे पाय निघेनात.

महेश पडद्यावर आला आणि सगळ्यांनी "आऽ" केलं. समोर उभा असल्यासारखा. मागे जहाजाचा कठडा, त्याच्यामागे पाणी, कपाळावर घामाचे थेंबसुद्धा दिसत होते. कोंडीबा उंबऱ्यावरून म्हणाला, "चाल." तो चालला. डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे, ताठ, ऐटीत. मागचे दोन खलाशी हसत होते. बाळारामने टाळी वाजवली. "लंगडा नाय," कोंडीबाने निकाल दिला.

"आता बोल. तू जहाजावर निघून जाशील वर्षवर्ष. माझी पोर काय करील? शहरात कुठं कोंडून ठेवशील तिला?"

महेशने तोंड उघडलं. "ना... ना... ना..."

त्याचे ओठ हलताना दिसत होते, एक एक हालचाल. मागचं पाणीही नीट हलत होतं. काहीही गोठलेलं नव्हतं. लाईनला दोष द्यायला कुठेही जागा नव्हती. माझंच काम, आणि माझ्याच कामाने घात केला.

कोंडीबाने हात वर करून त्याला थांबवलं आणि माझ्याकडे वळला. "सायब, लाईन साफ हाय ना?"

सगळी वाडी माझ्याकडे बघायला लागली. सगुणाही. मी नोकरीत कधी घाण लाईनला स्वच्छ म्हटलं नाही आणि स्वच्छ लाईनला घाण म्हटलं नाही. पण तो क्षण असा होता की मला वाटलं, आता एकदाच. म्हणावं, समुद्राकडचं टोक माझ्या हातात नाही. ते खोटंही नव्हतं. मी बोलायला गेलो आणि माझ्या तोंडून निघालं, "ला... ला... लाईन म्हणजे..."

"अरे देवा," कोंडीबा म्हणाला, "तुमची बी अडकली?"

गर्दीत कुणीतरी फिस्सकन हसलं. आणि सगुणा पुढे झाली. पदर खोचला आणि बापासमोर उभी राहिली.

"काकांना कशाला अडचणीत टाकता, बाबा? लाईन साफ हाय. तो तसाच बोलतो. मला आधीपासनं म्हाईत हाय. मीच लपवलं." तिचा आवाज कापत होता, पण ती थांबली नाही. "पन तुमी मधी तोडलंत त्याला. तो काय सांगत होता ते तरी ऐका पुरं."

कोंडीबा पडद्याकडे वळला आणि हनुवटीने खूण केली, बोल. महेशने घाम पुसला, एकदा सगुणाकडे पाहिलं आणि परत तिथूनच सुरुवात केली. "ना... ना..." आम्ही सगळे उभे. कुणी हसलं नाही, कुणी त्याच्या वतीने शब्द पुरवला नाही. तो "ना"शी झगडत राहिला. मला वाटलं आता सोडून देईल, मान खाली घालील. तो सोडेना.

"...नाय. को... कोंडणार नाय. मी ये... येईपर्यंत ती इथंच ऱ्हाईल. ति... तिच्या शेळ्यांजवळ. ति... तिला शहर नको हाय. मी... मी विचारलंय तिला."

एवढं बोलून तो कठड्याला टेकला. बंदरातला भोंगा वाजला. जहाज निघायची वेळ झाली होती.

कोंडीबा मग गर्दीकडे वळून म्हणाला, "नालासोपारावाला आला होता. सकाळपासनं जेवनापर्यंत बोलला. काय बोलला ते मला ध्यानात नाय. मधी एकदा बी त्यानं पोरीला काय विचारलंन नाय." मग त्याने पडद्याकडे बोट केलं. "ह्यो अडकतो. पन सोडत नाय. वाक्य पुरं केलंन."

आणि खांद्यावरची घोंगडी काढून त्याने बाळारामच्या हातात दिली. कलेक्टरसमोर न उतरलेली घोंगडी! उंबरा ओलांडून आत आला आणि खिशातली आपट्याची पानं काढून पडद्यासमोर ठेवली. "घे, सोनं घे," म्हणाला. "आणि दमानं ये."

मागून एकच कालवा झाला. बाळाराम कुंकवाचा करंडा घेऊन आनंदाने पेटीकडे धावला. मी दोन्ही हात पसरून आडवा झालो. "पडद्याला लाव! कॉम्प्युटरला लाव! मला लाव! पेटीला हात लावशील तर याद राख!" त्याने मलाच लावलं, कपाळभर. तसाच मी स्कूटरवरून महाडला आलो. दार उघडून सुलभाने माझ्या कपाळाकडे पाहिलं आणि विचारलं, "कुणाचं लग्न लावून आलात, का स्वतःचं?" श्रीखंड तिने ठेवलं होतं.

लग्नाला आम्ही दोघं गेलो. तोवर मी निवृत्त झालो होतो. मांडवात लाऊडस्पीकर होता, त्यावर आधी इतर जोडप्यांनी घडाघडा उखाणे म्हणून टाळ्या घेतल्या होत्या, आणि मग बायकांनी नवरदेवाला धरलं. नाव घ्या, त्याशिवाय सुटका नाही. सगुणा म्हणाली, राहू दे. पण महेशने माईक हातात घेतला.

"कशेडीच्या घा... घाटात गाडी च... चढते दमानं," इथपर्यंत आला. पुढे नाव होतं. "स... स... स..."

मांडव थांबला. स्पीकरमधून तो "स" डोंगरभर ऐकू जात होता. नवऱ्याकडची मंडळी खाली बघायला लागली. मागे कुणीतरी कुजबुजलं, माईक बिघडला काय रे? आणि एक उत्साही माणूस गाल फुगवून माईककडे निघालासुद्धा.

कोंडीबा उठला. घोंगडी खांद्यावर नीट केली आणि सगळ्या मांडवावर एक नजर टाकून म्हणाला, "गप ऱ्हावा सगळी. लाईन साफ हाय. येतंय."

आम्ही थांबलो.

"स... सगुणेचं नाव घेतो पु... पुरं करून इमानं!"

आलं.